पायाभूत वर्ष

सकाळी अकराच्या सुमारास टेबलावरचा फोन वाजला आणि पलीकडून एका बाईंनी नाव नाही, गाव नाही, सरळ विचारलं, "सर, दोन हजार सहा साली घानामध्ये नेमकं काय झालं?" असा प्रश्न मला आजवर कोणी फोनवर विचारला नव्हता. आमच्या प्रकाशनसंस्थेचा आकडेवारी विभाग मी सांभाळतो. विभाग म्हणजे मी, एक संगणक आणि खिडकीचा अर्धा उजेड खाणारं एक कपाट. "मी नववीला भूगोल शिकवते," बाई म्हणाल्या, "तुमचा शालेय नकाशासंग्रह आमच्याकडे लावलाय. पान एकशे बारा." पान एकशे बारा म्हटल्यावर मला पुस्तक उघडायची गरज नव्हती. ते पान माझं आहे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे दोन शेजारी, घाना आणि आयव्हरी कोस्ट. दोघांचं मुख्य पीक कोको, दोघांना स्वातंत्र्य मिळालं ते तीन वर्षांच्या अंतराने, आणि तेव्हापासून दोघांनी वर्षाकाठी देशाचं एकूण किती उत्पादन काढलं त्याच्या दोन रेघा, घानाची निळी, शेजाऱ्याची तांबडी, एकाच चौकटीत. मुलांना हे पान आवडतं असं मला कळवण्यात आलेलं आहे, कारण ते शर्यतीसारखं दिसतं. आधी निळी पुढे असते. मग तांबडी तिला मागे टाकते. मग कोकोचे भाव पडतात आणि दोघी खाली बसतात. पुढे तांबडीच्या घरात लढाई सुरू होते, ती आडवी पडते, आणि दोन हजार सहाला निळी एकदम उसळी मारून वर जाते.

"त्या उसळीबद्दलच विचारतेय," बाई म्हणाल्या. "मी वर्गात सांगितलं, तिथे समुद्रात तेल सापडलं. परीक्षेतही विचारलं, कारण लिहा, दोन गुण. सगळ्या वर्गाने तेल लिहिलं. एका मुलीने लिहिलं, एका वर्षात कुठलाच देश एवढा मोठा होत नाही, मोजणाऱ्यांनीच काहीतरी बदललं असणार. मला वाटलं, अभ्यास केलेला नाही म्हणून ठोकून दिलंय. शून्य दिलं. काल ती परत आली. म्हणते, बाई, तेल तर दोन हजार सातला सापडलं." मी म्हणालो, "बघून सांगतो. दुपारपर्यंत फोन करतो." खरं तर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या बोलत असतानाच माझी चूक माझ्या लक्षात आली होती आणि हातातल्या पेनाची मी कारण नसताना उघडझाप करत होतो.

देशाचं उत्पादन मोजायचं तर कशाला किती वजन द्यायचं हे कुठल्यातरी एका वर्षाच्या परिस्थितीवरून ठरवावं लागतं. त्याला पायाभूत वर्ष म्हणतात. घानाचं हे वर्ष कितीतरी काळ एकोणीसशे त्र्याण्णव होतं. त्यानंतर तिथे गल्लोगल्ली मोबाइलची दुकानं निघाली, बँका वाढल्या, पण जुन्या मापात त्यांना जेमतेम जागा होती. दोन हजार दहा साली मोजणाऱ्यांनी पायाभूत वर्ष बदलून दोन हजार सहा केलं आणि तिथून पुढचे आकडे नव्याने काढले. देश कागदावर साठेक टक्क्यांनी मोठा झाला. त्या दिवशी तिथे कुणाच्या ताटात एक घास जास्त पडला नसेल. अशा वेळी जुन्या आकड्यांची मालिका नवीला सांधून घ्यायची असते, म्हणजे जुने आकडेही त्याच प्रमाणात वर उचलायचे असतात. मी ते केलं नव्हतं. जुनी मालिका जिथे संपली तिथे नवी चिकटवून मोकळा झालो होतो. बहुधा छापखान्याची घाई होती, बहुधा शुक्रवार होता. नऊ वर्षं ते पान छापलं जात होतं आणि नऊ वर्षं मुलं माझ्या निष्काळजीपणाचं कारण शोधून दोन गुण मिळवत होती. संपादकबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "शुद्धिपत्र घालू, चार ओळींचं. एवढं काय तोंड पाडून बसलात, टक्केसाहेब?" ऑफिसात मला टक्केसाहेब म्हणतात. कुणी नुसता आकडा सांगितला की मी 'कितीपैकी?' असं विचारल्याशिवाय राहत नाही म्हणून. चुका सगळ्यांच्याच होतात हे मलाही कळतं. पण ही चूक कुणाच्याही हातून झाली तरी माझ्या हातून व्हायला नको होती, कारण ती आमच्या घरात एकदा होऊन गेलेली आहे आणि तिच्यावरच मी शिकलो, नोकरीला लागलो, टक्केसाहेब झालो. हे त्या दिवसापर्यंत घरात कुणालाही माहीत नव्हतं. मला होतं.

बाबा ट्रेसर होते. हे काम आता राहिलेलं नाही. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर आरपार दिसणारं कापड अंथरायचं आणि खालची प्रत्येक रेघ शाईने वर उतरवायची. खाली भिंत तिरकी असेल तर वरही तिरकीच उतरवायची, विचारायचं नाही. बाबांचा हात असा की अख्ख्या खात्यात त्यांच्या कापडावर शाईचा ठिपका सांडलेला कुणी पाहिला नव्हता, आणि न विचारण्याची सवय त्यांच्या अंगात इतकी मुरलेली की दुकानदाराने चुकीचं सामान दिलं तरी ते निमूट घरी आणायचे आणि आईकडून बोलणी खायचे. आम्ही दोघे भाऊ, दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. आम्ही पाचवीत गेल्यापासून बाबांनी एका मोठ्या आलेखकागदावर आमच्या दोघांच्या वार्षिक गुणांच्या रेघा काढायला सुरुवात केली, इयत्तेखाली इयत्ता येईल अशा. दादाची निळी, माझी तांबडी. (पान एकशे बारासाठी मी हेच रंग का निवडले, असं मला कुणी विचारलेलं नाही. मीही आज पहिल्यांदाच विचारतोय.) निकालाच्या दिवशी जेवणं झाली की ते प्रगतिपुस्तक समोर ठेवायचे, एकूण गुणांच्या रकान्यातला आकडा कागदावर मोजून ठिपका द्यायचे, पेनाच्या चिमट्यात शाई भरायचे आणि श्वास रोखून रेघ ओढायचे. आम्ही दोघे टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून बघत असायचो. दादाची रेघ नेहमी वर असायची. फार नाही, बोटभर. मला त्याचं काही वाटत नसे. तो माझ्यापुढे असणं हे त्याच्या उंचीसारखंच होतं, त्याला कोण काय करणार.

शालान्त परीक्षेत दादाला चारशे वीस गुण पडले. पुढच्या शिक्षणाला मोठ्या शहरात वसतिगृहात राहावं लागणार होतं आणि बाबांच्या ऐपतीत एकालाच पाठवणं बसत होतं. कुणाला, हे त्यांनी लगेच ठरवलं नाही. अन्याय नको म्हणून. "धाकट्याचाही निकाल लागू दे," ते दादाला म्हणाले, "दोघांना एकच माप." दादा म्हणाला, "चालेल की." आणि तोवर वेळ जावा म्हणून एका वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून जायला लागला. दोन वर्षं तो माझ्या निकालासाठी थांबला. त्या काळात त्याने माझी शिकवणी घेतली, भूमिती तर पूर्ण त्यानेच शिकवली, हातांना ग्रीसचा वास असायचा आणि वहीच्या कोपऱ्यांना काळे ठसे. मला चारशे अठ्ठेचाळीस पडले. बाबांनी ठिपका दिला, रेघ ओढली, आणि माझी तांबडी रेघ शेवटच्या टप्प्यात दादाच्या निळीला ओलांडून वर गेली. बाबा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. त्यांनाही वाईट वाटलं असावं, दादावर त्यांचा जीव जास्त होता. पण कागदावर जे उतरलं होतं ते उतरलं होतं. दादाने माझ्या पाठीत गुद्दा घातला आणि म्हणाला, "डोकं तुला मिळालं, छोट्या. मला नुसते केस." सगळे हसले. मीसुद्धा हसलो. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं.

माहीत झालं ते कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, सांख्यिकीच्या तासाला. सरांनी फळ्यावर दोन रेघा काढल्या, एक तुटकी, आणि म्हणाले, "पाया बदलला आणि तुम्ही सांधा जुळवला नाही, तर काहीच न होता मोठी प्रगती झाल्यासारखी दिसते." मी वहीत उतरवून घेत होतो, आणि 'प्रगती' हा शब्द लिहिता लिहिता हात थांबला. आमच्या वर्षापासून शालान्त परीक्षेला एक विषय वाढला होता. दादाच्या वेळी एकूण गुण सहाशे होते, माझ्या वेळी सातशे. त्याला सहाशेपैकी चारशे वीस, म्हणजे सत्तर टक्के. मला सातशेपैकी चारशे अठ्ठेचाळीस, चौसष्ट. एवढा साधा भागाकार घरात एकानेही केला नव्हता. बाबांनी रकान्यातला आकडा जसाच्या तसा उतरवला होता, कितीपैकी हे खाली बारीक छापलेलं होतं आणि ते उतरवायचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तास संपेपर्यंत मी बाकावर बसून होतो आणि मला घाम फुटला होता. वाईट वाटलं म्हणून नाही. भीती वाटली म्हणून. आता हे कळलं तर मला परत बोलावतील आणि या बाकावर दादाला बसवतील, एवढंच माझ्या मनात आलं. सुट्टीत घरी गेलो तेव्हा सांगायचं असं ठरवून गेलो होतो, निदान मी स्वतःला तसं सांगत होतो. दादा स्टँडवर घ्यायला आला, माझी ट्रंक त्याने खांद्यावर घेतली, वाटेत ओळखीचा जो भेटेल त्याला "आमचा छोट्या, शहरात शिकतो" म्हणून सांगत चालला. मी त्याच्या मागे मागे चालत होतो. चार दिवस राहिलो आणि परत आलो. पुढच्या सुट्टीत सांगू म्हटलं. मग त्याचं लग्न ठरलं, मग मला नोकरी लागली, मग बाबा गेले, आणि न सांगितलेली गोष्ट इतकी जुनी झाली की तिच्याकडे बघायचीच सवय गेली. सण नाही, समारंभ नाही, घरात कुणाच्याही शाळाकॉलेजाचा विषय निघाला की दादा म्हणायचा, "ते छोट्याला विचारा, आपला तो प्रांत नाही." मी सल्ला द्यायचो. चौतीस वर्षं मी सल्ला देत आलो.

दुपारी मी बाईंना फोन केला. चूक माझी आहे, मुलीचं उत्तर बरोबर आहे, असं सांगितलं. वाटलं होतं त्या चिडतील. त्या म्हणाल्या, "मग तिचे दोन गुण द्यायला हवेत." मी म्हणालो, "निकाल लागून गेला असेल ना?" "गेला की. पण उद्या वर्गात सगळ्यांसमोर सांगते, माझं चुकलं म्हणून. तिला कळायला नको का, तिचं बरोबर होतं ते?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवलासुद्धा, तास होता त्यांचा. मी रिसीव्हर हातात घेऊन बसलो. कुठली कोण बाई, मी तिला बघितलेलंही नाही, आणि तिने पाच मिनिटांत उरकून टाकलं. अर्ध्या दिवसाची रजा लिहिली आणि बसस्टॉपवर गेलो.

लग्नानंतर दादाही याच शहरात आला; त्याचं वर्कशॉप दुसऱ्या टोकाला आहे, स्वतःचं, दोन लेथ आणि एक ड्रिल. बसमध्ये पाऊण तास मी बोलणं जुळवत होतो, आणि लाज वाटते पण सांगतो, जुळवत होतो ते खोटं होतं. 'दादा, आज एक गंमत झाली, ऑफिसात एक फोन आला आणि मला एकदम आपला तो कागद आठवला.' आज. एकदम. यातलं प्रत्येक वाक्य जवळजवळ खरं होतं. असं सांगितलं तर तोही हसेल, बाबांच्या न विचारण्यावर चार विनोद होतील, दोघे मिळून हळहळू, आणि चौतीस वर्षं अलगद बाजूला होतील. मला तो हवा होता. पन्नाशी उलटून गेल्यावर माणसाला छोट्या म्हणणारं फार कुणी उरत नाही.

तो लेथवर होता. मला बघून त्याने मशीन बंद केलं, कापसाच्या गुंड्याला हात पुसले. "आज इकडे कसा? ऑफिसातून हाकललं की काय?" त्याने चहा मागवला. मी स्टुलावर बसलो आणि कुठून सुरुवात करावी म्हणून घानापासून केली. त्याला घाना कुठे आहे ते माहीत नव्हतं, पण तो लक्ष देऊन ऐकत होता, यंत्राचा आवाज बदलला की ऐकतो तसा. "म्हणजे देश तेवढाच," तो म्हणाला, "मापाची पट्टी तेवढी बदलली." मी म्हणालो, हो. "मग सोपं आहे. जुने आकडेही त्याच पट्टीने मोजून घ्यायचे. नाहीतर एका तुकड्याला इंच आणि दुसऱ्याला सेंटिमीटर लावल्यासारखं होईल. तुमच्यात कुणाच्या लक्षात नाही आलं?" हे समजायला मला कॉलेजात सरांचा तास लागला होता. त्याला चहा संपायच्या आत समजलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"दादा, तुला शालान्तला किती गुण होते?"

"चारशे वीस. तुला चारशे अठ्ठेचाळीस." क्षणाचाही वेळ लागला नाही. "का रे?"

"कितीपैकी?"

कानावरचा खडू काढून त्याने लेथच्या पत्र्यावर चारशे वीस लिहिलं, खाली सहाशे. शेजारी चारशे अठ्ठेचाळीस लिहिलं आणि खाली काही लिहिण्याआधी माझ्याकडे बघितलं. "तुमच्या वर्षी विषय वाढला होता," तो म्हणाला. त्याने विचारलं नव्हतं, तो आठवत होता. "नवीन पुस्तक होतं. मीच कव्हर घातलं होतं त्याला." त्याने सातशे लिहिलं. भागाकार केला नाही, किंवा मनातच केला. खडू पत्र्यावर ठेवला तो घरंगळून खाली पडला, तो उचलायला आम्ही दोघांपैकी कुणी वाकलं नाही.

"तुला कधी कळलं?" दादा म्हणाला.

बसमध्ये जुळवलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. त्याच्या आवाजातही काही नव्हतं, त्याने सहज विचारलं होतं. 'आज सकाळी' म्हटलं असतं तर त्याने मान्य केलं असतं, त्याने माझं आजवर सगळंच मान्य केलं होतं. "कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला," मी म्हणालो.

"दुसऱ्या वर्षाला." त्याने हिशेब केला, मला दिसलं. "म्हणजे मी एकवीसचा. तेव्हा मी अजून हेल्परच होतो."

"हो."

"लग्नही नव्हतं झालं."

"हो. मला भीती वाटली, मला परत बोलावतील म्हणून."

तो लेथला पाठ लावून उभा राहिला. ओरडेल असं वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं. "शिकायचं राहिलं त्याचं काही नाही," तो म्हणाला. "हे काम मला आवडतं, चांगलं जमतंही. पण पोरीच्या प्रगतिपुस्तकावर मी एकदाही सही केली नाही, छोट्या. ती घेऊन यायची, बाबा सही. मी म्हणायचो, काकाकडे जा, मला त्यातलं काय कळतंय. गणित अडलं की काकाकडे जा. दहावीपर्यंत. लहान होती ती, तिला खरंच वाटायचं मला येत नाही. मला पण वाटायचं." त्या सह्या मी केल्या होत्या. वळणदार, शेवटी एक फरकाटा ओढून, आमच्या बाबांसारख्या. पोरगी वाट बघत उभी असायची आणि मी उगाच वेळ लावून प्रत्येक विषयावरून बोट फिरवायचो.

"दादा," मी म्हणालो. पुढे काय म्हणणार होतो ते मलाही माहीत नव्हतं.

"तू आता जा," तो म्हणाला. "थांबलास तर मी काहीतरी बोलून बसेन आणि मग ते राहील."

"उद्या येऊ?"

"नको. मी फोन करेन."

याला तीन आठवडे झाले. शुद्धिपत्र छापून झालं, पान एकशे बाराची रेघ नीट सांधून दिली आहे, आता त्यात उसळी नाही, निळी रेघ पहिल्यापासूनच तांबडीच्या जरा वरून, सावकाश चाललेली दिसते. फोन आलेला नाही. बायकोला मी सगळं सांगितलं, ती आधी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही, आता म्हणते, आपणच जाऊन येऊ, मोठा भाऊ आहे, तो काही घराबाहेर काढणार नाही. काढणार नाही हे मलाही माहीत आहे, आणि म्हणूनच मी जात नाही. तो करेन म्हणाला आहे, त्याला वाटेल तेव्हा करेल. त्याला दोन वर्षं लागली तरी तक्रार करायचा अधिकार मला नाही.